ईस्टर सगळ्या घराचा व्हावा म्हणून: झावळ्यांच्या रविवारपासून सोमवारच्या डब्यापर्यंत

नाताळला फारसं काही जमवावं लागत नाही. शाळांना सुट्टी असते, हवा गार असते, घरोघर चांदण्या लागतात, गोठा करायला पोरं स्वतःहून माती आणतात. ईस्टरचं, म्हणजे येशू मेलेल्यांतून उठला त्या सणाचं, तसं नाही. तो ऐन उन्हात येतो, बहुतेक वेळा परीक्षांच्या आगेमागे येतो आणि त्याआधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ झालेला असतो. गुरुवारपासून रोज चर्चमध्ये लांबलचक विधी असतात. शनिवारी मध्यरात्री घरी परतलेली बाई रविवारी सकाळी सहाला चुलीपुढे उभी राहते आणि सगळे जेवायला बसतात तेव्हा तिला घास गिळवत नाही. मुलं तोवर मोबाइलमध्ये गेलेली असतात. आजी-आजोबा पलंगावर बसून कुणीतरी बोलायला येईल म्हणून वाट पाहतात.

हे बदलता येतं. मला पटलेली गोष्ट अशी: ईस्टरचा आनंद रविवारच्या एका जेवणातून उभा करता येत नाही. तो गुरुवार, शुक्रवार, शनिवार यांतून चालत यावा लागतो आणि घरातल्या प्रत्येकाच्या हाताला त्यात खरं काम लागतं. पुढचं सगळं मी वसईतल्या कॅथलिक घराच्या रीतीप्रमाणे लिहिते आहे. अहिल्यानगर, पुणे, मिरजेकडच्या प्रोटेस्टंट घरांत विधी थोडे वेगळे असतात. जिथे फरक आहे तिथे सांगेन.

आधी तारीख, मग कामांची वाटणी

ईस्टरची तारीख दर वर्षी बदलते, कारण ती चंद्रावर ठरते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. (चर्चची पौर्णिमा तिच्या स्वतःच्या गणिताने येते, त्यामुळे पंचांगाशी क्वचित दिवसभराचा फरक पडतो.) म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो. २०२७ मध्ये २८ मार्च, २०२८ मध्ये १६ एप्रिल, २०२९ मध्ये १ एप्रिल. मार्चमधला ईस्टर आणि एप्रिलच्या मध्यावरचा ईस्टर यांची तयारी एकसारखी करता येत नाही. परीक्षा, ऊन, आंब्याचा बाजार, गावाला जायची तिकिटं, सगळंच वेगळं असतं.

दोन आठवडे आधी, रात्रीच्या जेवणानंतर सगळ्यांनी एकत्र बसा. समोर तीन कागद ठेवा: चर्चचं पवित्र आठवड्याचं (ईस्टरआधीच्या आठवड्याचं) वेळापत्रक, मुलांच्या परीक्षेचं वेळापत्रक आणि नोकरीवाल्यांच्या पाळ्या. गुड फ्रायडेला बहुतेकांना सुट्टी असते, पण गुरुवारी आणि शनिवारी नसते आणि ईस्टरनंतरचा सोमवार आपल्याकडे कामाचाच दिवस. कुणी कुवेत-कतारला असेल तर तिथे रविवारीही कामावर जावं लागतं. त्यांच्याशी बोलायची वेळ त्याच बैठकीत ठरवा. कुवेतमधले संध्याकाळचे पाच म्हणजे आपल्याकडचे साडेसात.

मग एक गोष्ट पक्की करा: कोणत्या एका विधीला सगळं घर मिळून जाणार? सगळ्यांनी सगळ्या विधींना गेलंच पाहिजे असा हट्ट धरला की लहान मुलं रडतात आणि म्हाताऱ्यांचे गुडघे सुजतात. शनिवारच्या रात्रीची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) ईस्टरचीच मिस्सा असते, तिला गेलात तर रविवारी पुन्हा जाण्याचं बंधन नाही. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर माझं मत रविवारी सकाळच्या मिस्साला. मुलं आठ-दहा वर्षांची झाली की मात्र त्यांना शनिवारची रात्र दाखवाच.

कामं वाटताना एकच नियम पाळा. जी व्यक्ती रविवारचं जेवण रांधणार, तिच्याकडे त्या आठवड्यात दुसरं काही नाही. अंडी, सजावट, कबरस्तान, पाहुण्यांचे फोन, भांडी हे सगळं इतरांचं. कागदावर नावासकट लिहा आणि फ्रीजवर लावा. "मी मदत करेन" असं म्हणणाऱ्याच्या नावापुढे काम लिहिलेलं नसेल तर ती मदत रविवारी दुपारी कुणाला सापडत नाही.

झावळ्यांचा रविवार

हा ईस्टरच्या आधीचा रविवार, आठवडा इथून सुरू होतो. चर्चमधून आशीर्वादित झावळ्या घरी आल्या की त्या आल्ताराच्या, म्हणजे घरातल्या प्रार्थनेच्या वेदीच्या, मागे खोचून विसरायच्या नाहीत. नारळाची कोवळी पाती अजून लवचिक असते तेव्हाच आजोबांना मुलांसोबत बसवा आणि पातीचा क्रूस विणायला लावा. दुसऱ्या दिवशी पाती कडक होते आणि घडीवर फाटते, म्हणून हे त्याच दुपारी करायचं. गेल्या वर्षीच्या वाळलेल्या झावळ्या कचऱ्यात टाकू नका. त्या चर्चमध्ये परत देतात आणि पुढच्या राखेच्या बुधवारी, उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळावर लागते ती राख त्यांचीच असते. हे कळलं की मुलं पुढच्या वर्षी झावळी स्वतः जपून ठेवतात.

त्याच दिवशी एका पसरट परातीत किंवा जुन्या ट्रेमध्ये दोन बोटं माती घाला, एका कडेला चपटे दगड रचून छोटी गुहा करा, ती येशूची कबर, आणि बाकीच्या मातीत रात्रभर भिजवलेली मेथी किंवा गहू पेरा. नवरात्रात घट बसवणाऱ्या शेजारणीला विचारलंत तर पाणी किती शिंपडायचं ते ती नेमकं सांगेल. रोज सकाळी थोडं पाणी, दुपारच्या कडक उन्हात नाही. तिसऱ्या दिवशी कोंब दिसतात आणि पुढच्या रविवारपर्यंत कबरीभोवती हिरवळ उभी राहते. योहानाच्या शुभवर्तमानात येशूने म्हटलं आहे की गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो आणि मेला तर पुष्कळ पीक देतो. तीन वर्षांच्या मुलाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही, ते रोज सकाळी बघतच असतं. पाणी घालायचं काम घरातल्या सगळ्यात लहानाचं.

घरातल्या क्रुसावर जांभळं कापड घालण्याची प्रथा काही चर्चमध्ये असते. घरीही घाला. शनिवारी रात्री ते काढायचं आहे, म्हणून ते लागतं.

सोमवार ते बुधवार हे दिवस स्वयंपाकघराचे. सोरपोतेल (डुकराच्या मांसाचा आंबट रस्सा) करणार असाल तर बुधवारीच करून ठेवा. व्हिनेगर घातलेला हा रस्सा मुरल्यावर खुलतो आणि शुक्रवारी घरात मांस शिजवायची वेळ येत नाही. पूर्ण थंड झाल्यावर फ्रीजमध्ये, आणि शनिवार-रविवारी नीट उकळी आणून गरम. बॉटल मसाला (बाटलीत भरून ठेवतात तो आपला वर्षभराचा मसाला) संपत आला असेल तर शेजारी हात पसरण्याची वेळ याच तीन दिवसांत.

पवित्र गुरुवार: पाय धुणं घरीही

येशूने शेवटच्या जेवणावेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात. २०१६ पासून त्या बारांत स्त्रियाही असू शकतात. हा विधी घरी, जेवणाआधी, पाच मिनिटांत करता येतो आणि पूर्ण आठवड्यात मुलांच्या लक्षात राहणारी हीच गोष्ट असते असा माझा अनुभव आहे. एक घमेलं, कोमट पाणी, एक स्वच्छ टॉवेल. आपल्याकडे धाकटे थोरांच्या पाया पडतात; इथे उलट करायचं. बाबांनी मुलांचे पाय धुवायचे, सासूने सुनेचे, मोठ्या भावाने धाकट्या बहिणीचे. सासूला हे अवघड जाईल, सुनेला त्याहून अवघड जाईल आणि ती "नको नको" म्हणून पाय आखडून घेईल. पेत्र या शिष्यानेही नेमकं तेच केलं होतं. जबरदस्ती करू नका, पण कुणीतरी सुरुवात केली की बाकीचे बसतात.

त्यानंतरचं जेवण साधं. मैद्याची किंवा कणकेची, यीस्ट न घातलेली एकच मोठी भाकरी करा आणि ती कापण्याऐवजी हाताने मोडून सगळ्यांना द्या. उपवासकाळात मुलांनी डब्यात पैसे साठवले असतील तर तो डबा याच रात्री सगळ्यांदेखत फोडा, मोजा, आणि ते कुणाला द्यायचे हे मुलांनाच ठरवू द्या.

गुड फ्रायडे: घर शांत ठेवायचं म्हणजे काय

अनेक घरांत शुक्रवार म्हणजे मुलांना नुसतं "गप्प बसा" सांगण्याचा दिवस होतो. मग मुलांना तो आवडत नाही, यात त्यांचा दोष नाही. शांततेला आकार द्यावा लागतो. सकाळीच टीव्ही आणि स्पीकर बंद, आल्तार रिकामा: फुलं नाहीत, मेणबत्ती नाही, टेबलक्लॉथसुद्धा काढलेला. गुरुवारच्या मिस्सानंतर चर्चमधली वेदी अशीच उघडी केलेली असते.

जेवणाचा नियम माहीत असू द्या. कॅथलिकांत उपवास १८ ते ५९ वयाच्या लोकांना आहे: एक पूर्ण जेवण आणि हवं तर दोन वेळा थोडंसं खाणं. मांस वर्ज्य १४ वर्षांपासून पुढे. लहान मुलं, आजारी माणसं, गरोदर बायका यांना उपवास लागू नाही. मधुमेह असलेल्या आजीने पाणीसुद्धा न पिता तीन वाजेपर्यंत उन्हात बसण्याचा हट्ट धरला तर तिला हे प्रेमाने सांगा आणि ऐकत नसेल तर फादरांकडून सांगवा. पेज, लोणचं, चण्याची उसळ एवढं पुरतं. मुंबई-वसईच्या बेकऱ्यांत या दिवशी हॉट क्रॉस बन मिळतात. ते आदल्या दिवशी सांगून ठेवले नाहीत तर सकाळी नऊनंतर हाती लागत नाहीत.

दुपारच्या विधीला लहान मूल नेणार असाल तर आधी घरी क्रुसाच्या वाटेतली (येशू क्रूस घेऊन गेला त्या वाटेवरच्या प्रसंगांची) चौदांपैकी तीन-चारच स्थानं चित्रांतून सांगा. शिमोन क्रूस उचलायला मदत करतो, वेरोनिका तोंड पुसते, आई भेटते. फटके आणि खिळे यांचं सविस्तर वर्णन पाच वर्षांच्या मुलाला नको. मदत करणारी माणसं त्याला कळतात आणि रात्री झोपेत ते दचकत नाही. वसईत काही गावांत येशूच्या दुःखसहनाचं जिवंत नाट्य होतं, ते दहा-बारा वर्षांच्या पुढच्यांसाठी. प्रोटेस्टंट चर्चमध्ये बाराच्या सुमारास सुरू होणारी, वधस्तंभावरील सात उद्गारांवरची तीन तासांची उपासना असते. मुलांसोबत तिथे दोन उद्गारांपुरतं बसून बाहेर आलात तरी चालतं.

या दिवशी मोबाइलवर "हॅपी गुड फ्रायडे" असे निरोप येतात. पाठवणाऱ्याच्या मनात चांगलंच असतं. "आठवण ठेवलीत, छान वाटलं, आजचा दिवस शोकाचा, शुभेच्छा रविवारी घेईन आणि घरी या," एवढं लिहा. अनेक शेजारी मग खरंच येतात.

शनिवार: सगळ्यात भरगच्च दिवस

पहाटे, ऊन चढायच्या आत, कबरस्तान. ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं आहे, त्यांचा पहिला ईस्टर फार जड जातो. घरातल्या आनंदाला आपण नकळत त्या माणसाची आठवण न काढण्याची अट घालतो आणि मग सगळेच अवघडतात. म्हणून आधी तिथे जा. कबर झाडा, पाणी घाला, मोगरा किंवा निशिगंध ठेवा, मुलांना त्या माणसाची एक गोष्ट सांगा. रविवारच्या टेबलावर त्यांच्या आवडीचा एक पदार्थ असू द्या आणि कुणासाठी केला आहे ते मोठ्याने म्हणा. ईस्टर मुळात कबरीपाशीच घडला आहे.

परत आल्यावर अंडी. मध्ययुगात युरोपात उपवासकाळात अंडी वर्ज्य असायची, ती साठत जायची आणि ईस्टरला रंगवून खाल्ली जायची. पांढरी, पोल्ट्रीची अंडी घ्या; तपकिरी गावठी अंड्यांवर रंग नीट दिसत नाही. पाण्याला उकळी आल्यापासून दहा-बारा मिनिटं उकडा. रंग स्वयंपाकघरातलेच: दोन मोठ्या मुठी कांद्याच्या साली अर्धा लिटर पाण्यात वीस मिनिटं उकळल्या की विटकरी लाल, दोन मोठे चमचे हळद घातली की पिवळा, लाल कोबीचा निळसर, बिटाचा गुलाबी. पाणी गाळून निवलं की त्यात मोठा चमचाभर व्हिनेगर घाला आणि अंडी बुडवून ठेवा. आजीचं काम असं: अंड्यावर कोथिंबिरीचं पान चिकटवायचं, वरून मलमलच्या तुकड्याने घट्ट बांधायचं आणि मग रंगात सोडायचं. मलमल सोडल्यावर पानाची पांढरी नक्षी उमटते. कांद्याच्या साली आठवडाभर साठवायला सांगून ठेवा.

एक काळजी घ्या. उकडलेलं अंडं बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि ३२ अंशांच्या वर तापमान असेल तर तासभरच. आपल्याकडे एप्रिलमध्ये ते असतंच. खायची अंडी फ्रीजमध्ये ठेवा, आठवड्याच्या आत संपवा. अंगणात लपवायला वेगळी सोय आहे, ती पुढे.

मार्झिपॅनसाठी (साखर घालून केलेल्या सुक्यामेव्याच्या मिठाईसाठी) कच्च्या अंड्याचा पांढरा बलक घालायची जुनी रीत आहे. उन्हाळ्यात आणि लहान मुलं असताना मी बिनअंड्याची करते, ती शाकाहारी शेजाऱ्यांनाही देता येते. २५० ग्रॅम काजू थांबत थांबत दळा, सलग फिरवलं की तेल सुटतं. १५० ग्रॅम साखर आणि पाऊण वाटीपेक्षा कमी, साधारण ७५ मिली पाणी यांचा एकतारी पाक करा, पूड घाला, मंद आचेवर गोळा कडा सोडेपर्यंत हलवा. उतरवून चमचाभर गुलाबपाणी घाला आणि कोमट असतानाच तुपाच्या हाताने मळा. साचे नसले तर हातानेच अंड्याचा आकार द्या. वळण्याचं काम मुलांचं. वाकडी झाली तरी पुन्हा सारखी करायची नाहीत.

दुपारी दोन ते चार सगळ्यांनी झोपायचं, स्वयंपाक करणारीनेही. रात्रीचा विधी अडीच-तीन तास चालतो. चर्चबाहेर अंधारात अग्नी पेटवतात, त्यावरून पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती लागते. तिच्यावर क्रूस, आल्फा-ओमेगा (ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर) आणि चालू वर्षाचे आकडे असतात. तिच्यावरून प्रत्येकाच्या हातातली मेणबत्ती पेटत जाते. ते बघण्यासाठी मुलांना पुढे न्या, वाचनांच्या वेळी मागे या. कागदी कपाच्या तळाला भोक पाडून त्यातून मेणबत्ती घाला म्हणजे हातावर मेण सांडत नाही. मुलींना सिंथेटिक फ्रॉक घालू नका, मोकळे केस बांधा, ओढणी खोचा. गुरुवारपासून गप्प असलेल्या घंटा या रात्री ग्लोरिया या स्तुतिगीताच्या वेळी वाजतात. झोपलेल्या मुलाला त्याआधी दोन मिनिटं उठवा.

घरी आल्यावर एकानं दार उघडून म्हणायचं, "ख्रिस्त उठला आहे!" बाकीच्यांनी म्हणायचं, "खरोखर उठला आहे!" मग क्रुसावरचं जांभळं कापड काढायचं, चर्चमधून आणलेली मेणबत्ती लावायची, आल्तारावर मोगरा, चाफा, जे असेल ते सगळं. कापड काढायचा मान घरातल्या सगळ्यात ज्येष्ठाचा. चहा, मार्झिपॅन आणि झोप.

रविवार

प्रोटेस्टंट घरांत खरा ईस्टर पहाटेच्या उपासनेचा. सूर्य उगवायच्या आत गाणी म्हणत जाणाऱ्यांनी मुलांचे कपडे रात्रीच काढून ठेवावेत.

शोधायचा खेळ सकाळी साडेआठच्या आत किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर. लपवायला रिकाम्या काडेपेट्या घ्या, रंगीत कागद चिकटवा. प्रत्येक मुलाचा एक रंग. ज्याने त्याने आपल्याच रंगाच्या शोधायच्या, म्हणजे मोठी मुलं सगळ्या पळवत नाहीत. प्रत्येक रंगाच्या सहा पेट्यांत क्रमाने झावळीचा तुकडा, नाणं, भाकरीचा सुका तुकडा, बोथट काटा, पांढऱ्या कापडाची चिंधी, छोटा दगड. सातवी रिकामी. सगळ्या सापडल्यावर मुलांनीच एकेक उघडून आजी-आजोबांना गोष्ट सांगायची, आणि रिकामी पेटी का रिकामी (कबर रिकामी सापडली म्हणून) हे सगळ्यात लहानाने सांगायचं. ज्याची दुसऱ्या दिवशी परीक्षा आहे त्या दादा-ताईला पेट्या शोधायच्या खुणांच्या चिठ्ठ्या लिहायचं काम द्या; अर्ध्या तासात होतं आणि आपण सणाबाहेर राहिलो असं वाटत नाही. बक्षिसाला चॉकलेट उन्हात टिकत नाही. वसईची सुकेळी (सुकवलेली केळी), काजू, चिक्की, मार्झिपॅन द्या.

जेवणात एकच मोठा पदार्थ ताजा करा, तो म्हणजे फुगे. अर्धा किलो मैदा, दोन अंडी, एका नारळाचं दूध, दोन मोठे चमचे साखर, चमचाभर मीठ, दीड-दोन चमचे कोरडं यीस्ट (पूर्वी ताडी घालत), चमचाभर तूप. सैलसर, पण हाताला लागून राहील असं पीठ हातानेच भरपूर फेटा. एप्रिलच्या उकाड्यात दीड तासात फुगून येतं, जास्त ठेवलं तर आंबटतं. पीठ मुठीत घेऊन अंगठा आणि तर्जनीमधून दाबायचं, गोळा वर आला की ओल्या बोटांनी तोडून मध्यम तापलेल्या तेलात सोडायचा. नीट फुगला तर स्वतःच उलटतो. तळायला दोन माणसं हवीत, एक सोडणारा आणि एक काढणारा; घरातल्या पुरुषांना हे काम चांगलं जमतं आणि सोरपोतेल बुधवारचंच असल्यामुळे स्वयंपाक करणारी व्यक्ती पहिल्या पंगतीत बसू शकते. तिला बसवाच.

शेजाऱ्यांना ताटं संध्याकाळी मुलांच्या हाती पाठवा. फुग्यांत अंडं असतं हे आधी सांगायला मुलांना शिकवा. शाकाहारी घरी फक्त काजूचं मार्झिपॅन, वेगळ्या ताटात. चर्चला येऊ न शकलेल्या आजारी नातेवाइकांकडेही याच वेळी जा. त्यांना कम्युनियन (मिस्सात मिळणारा पवित्र भाकरीचा प्रसाद) घरी हवं असेल तर ते आठवडाभर आधी चर्चच्या ऑफिसात सांगून ठेवलेलं असायला हवं.

सोमवारी शाळा आणि ऑफिस. डब्यात उरलेले फुगे चालतात, फ्रीजमधल्या उकडलेल्या अंड्यांची बॉटल मसाला घालून कोरडी भाजी होते. परातीतली मेथी आता कापून आमटीत घाला, गहू पेरले असतील तर ते आणखी आठवडाभर हिरवे राहतात. ईस्टरकाळ पेंटेकॉस्टपर्यंत पन्नास दिवस चालतो, तेव्हा शनिवारी आणलेली मेणबत्ती उचलून ठेवू नका. त्या दिवसांत रात्रीच्या जेवणाआधी ती रोज थोडा वेळ लावा. आणि फ्रीजवरचा कामांचा कागद काढण्यापूर्वी त्याचा फोटो घ्या, काय कमी पडलं, काय उरलं ते त्यावर लिहून.